पात्रांव खरं बोलतोय, आणि रिपोर्टही

या आठवड्याचं पत्र पेडणे तालुक्यातून आलंय. लांबलचक होतं, गरजेपुरतं खाली देते. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

«डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझे मिस्टर हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर अकरा वर्षं आहेत, वय 37. गणपतीच्या चवथीच्या आसपासपासून पोटात मुरडा येतो, शौचाला साफ होत नाही, संध्याकाळी हातपाय गळून जातात. चिडचिडही वाढलीय. पुतण्याने मोबाइलवर दाखवलं की पंपावर काम करणाऱ्यांच्या रक्तात शिसं जातं. म्हणून म्हापशाला जाऊन रक्त दिलं, लॅबने ते मुंबईला पाठवलं. रिपोर्टमध्ये शिसं 14 आलं. ते घेऊन मिस्टर पात्रांवाकडे, म्हणजे पंपाच्या मालकाकडे, गेले, तर तो हसला. म्हणाला, पेट्रोलात आता शिसं नसतंच, कोणी डोक्यात भरवलं? तो हात वर करतोय असं मला वाटतं. सासरेही पंपावरच होते, 1984 पासून 2006 पर्यंत. त्यांना आता बीपी आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलंय. मुलगा चार वर्षांचा. मी युनिफॉर्म घरच्या कपड्यांतच धुते, त्याचीही भीती वाटते. दुसऱ्या मुलाचा विचार चालला होता, तो थांबवलाय. मिस्टरांना दारू नाही, सिगरेट नाही. नाद एकच, सुट्टीच्या दिवशी पागेर (मासे पकडायचं फेकजाळं) घेऊन नदीवर जातात. पागेरही स्वतःच विणतात, पंपाशेजारच्या गॅरेजवाल्या मित्राकडून शिसं आणून न्हाणीच्या चुलीवर जाळ्याच्या वजनाचे मणी ओततात. त्यात त्यांचा जीव रमतो. नोकरी सोडायला सांगू का?»

ताई, नोकरी सोडायला सांगू नका. निदान या रिपोर्टवरून तरी नाही.

पात्रांव हसायला नको होता. चौदाचा रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या माणसाला हसण्यावारी नेणं बरं नव्हे. पण तो बोलला ते खरं आहे. आपल्याकडे 1994 पर्यंत एका लिटर पेट्रोलमध्ये 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं चालायचं. इंजिन ठोकू नये म्हणून टेट्राएथिल लेड नावाचं द्रव्य मिसळत. 1921 मध्ये अमेरिकेत हा शोध लागला आणि पुढं जगभर तेच चाललं. आपल्याकडे ते टप्प्याटप्प्यानं गेलं. 1994 मध्ये महानगरांत प्रमाण कमी केलं, 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं, आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर दुसरं पेट्रोल विकायला बंदी आली. आज लिटरमागे 0.005 ग्रॅमच्या वर शिसं चालत नाही, म्हणजे जुन्या आकड्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथंही 2021 मध्ये ते बंद झालं. तुमचे यजमान पंपावर लागले तेव्हा शिशाचं पेट्रोल जाऊन एक तप उलटलं होतं.

पुतण्यानं दाखवलं तेही अगदीच खोटं नाही, फक्त जुनं आहे. शिसपेन्सिलीत कुठं शिसं असतं? असतो तो ग्राफाइट, पण नाव चिकटलंय ते चिकटलंयच. पंप आणि शिसं यांची जोडीही तशीच डोक्यात बसलीय.

मग चौदा आलं कुठून? त्याचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय, ताई, आणि तेही यजमानांच्या चांगल्या सवयी सांगताना.

गॅरेजवाल्याकडचं शिसं म्हणजे बहुधा जुन्या बॅटरीच्या प्लेटी. गाडीच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतं. प्लेटीच्या जाळीत जो करडा-तपकिरी लगदा भरलेला असतो, तो शिशाचा ऑक्साइड आणि सल्फेट. वाळला की पिठासारखा उडतो. प्लेट तोडताना, झटकताना, चुलीवर टाकताना तो हाताला, बनियनला, पायाखालच्या जमिनीला लागतो. शिसं 327 अंशांना वितळतं, साधी लाकडाची चूल त्याला पुरून उरते. चूल जास्त पेटली की धूरही निघतो, पण घरगुती ओतकामात मला धुराहून धूळ आणि वर येणारी साय यांची भीती जास्त वाटते. ती साय पळीनं काढून कडेला टाकतात. कडेला म्हणजे कुठं? चुलीच्या तोंडाशी, राखेत.

आता राखेचं विचारते. न्हाणीच्या चुलीची राख तुमच्याकडे कुठं जाते? अजून कितीतरी घरांत तिनंच भांडी घासतात. उरलेली परसात, तांबड्या भाजीच्या वाफ्यावर. तुमच्याकडे तसं असेल, तर शिसं न्हाणीतून स्वयंपाकघरात आणि तिथून ताटात, असा सरळ रस्ता आहे. आजपासून ती राख भांड्यांना लावू नका. वाफ्यातली भाजीही, शिशाचा मामला उरकेपर्यंत, बाजारातून आणा.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मी पैज लावायला तयार आहे. मणी दोरीवर चढवून ते घट्ट बसवायला पक्कड हाताशी नसते, तेव्हा माणूस काय करतो? दातांत धरून दाबतो. शिसं मऊ असतं, दाताचा ठसा उमटतो. माझ्या लहानपणी शेजारचे काका पडवीत बसून असेच मणी दाबायचे, एक तोंडात, चार ओठांत धरलेले, आणि त्यातूनच आम्हा पोरांशी गप्पा चालायच्या. आम्हाला ती कसबाची गोष्ट वाटायची. शिसं चवीला गोडसर असतं हेही त्यांनीच सांगितलेलं.

हा झाला माझा संशय. तो खरा की खोटा हे ठरवायला दोन सोपे उपाय आहेत. एक, यजमानांबरोबर पंपावर काम करणाऱ्या, पण जाळ्याशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्यानं तयारी दाखवली तर त्याचंही रक्त तपासा. पंपाचं शिसं असेल तर त्याच्यातही दिसायला हवं. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा: तुमचं आणि मुलाचं रक्त तपासा. तुम्ही दोघं पंपावर जात नाही. तुमचे आकडे वर आले तर शिसं घरातच आहे, मग पात्रांवाला दोष देऊन उपयोग नाही.

मुलाची तपासणी या आठवड्यातच करा, तिथं वाट बघू नका. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर त्यातला साधारण दहावा हिस्सा अंगात उतरतो, लहान मुलांच्या बाबतीत तो निम्म्यापर्यंत जातो. शिवाय चार वर्षांचं पोर अंगणात बसतं, हात तोंडात घालतं, बापाच्या मांडीवर चढतं. शिसं त्याच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करतं, आणि मूल वरून ठणठणीत दिसत असताना करतं. रक्त शिरेतून काढून घ्या. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरचीच धूळ मिसळते आणि आकडा फुगतो.

चौदा म्हणजे नेमकं किती वाईट? एकक मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेचं 2021 चं म्हणणं असं की आकडा पाच किंवा त्याहून वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. म्हणजे चौदा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण घाबरून भलते उपाय करण्याजोगाही नाही. शिसं बांधून लघवीवाटे काढणारी औषधं असतात, ती एवढ्या आकड्याला देत नाहीत. कोणी ‘डिटॉक्स’च्या नावानं सलाइन लावायला बोलावलं तर जाऊ नका. आणि पोटाच्या मुरड्यासाठी यजमान कुठल्या पुड्या घेत असतील, तर त्या मला न विचारताही बंद करा. आयुर्वेदात शिशाला नाग म्हणतात, आणि नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

आणखी एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिशानं पोटात कळा येतात, शौचाला होत नाही, माणूस चिडतो, हे सगळं पुस्तकात आहे. पण ते बहुतेक याहून बऱ्याच मोठ्या आकड्यांना. चौदाच्या माथी सगळी पोटदुखी मारून मोकळं होऊ नका. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-12 बघून घ्या, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. बारा-बारा तास उभं राहायचं, जेवणाची वेळ नाही, पाणी कमी प्यायचं, कारण लघवीला जायला बदली माणूस मिळत नाही. एवढ्यानंही पोट बिघडतं, त्याला शिसं लागत नाही.

उपाय म्हणाल तर मुख्य एकच: ओतकाम आजपासून बंद. नाद बंद करा असं म्हणत नाही. जून-जुलैत बोटींना बंदी असते, तेव्हा शापोरा नदीच्या काठी पागेर मारण्यात काय मजा असते ते मला ठाऊक आहे. जाळ्याला वजन हवं, ते शिशाचंच हवं असं नाही. लोखंडी कड्या, नट, बारीक साखळीचे तुकडे चालतात. यजमान म्हणतील गंजतात, जाळं नीट पसरत नाही. गंजतात खरं, दोन वर्षांनी बदलावे लागतील. तरीही शिशाचेच हवे असतील तर तयार विकत घ्या, पकडीनं दाबा, जाळं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पोराला जवळ घेऊ नका. पण घरात प्लेटी फोडणं आणि ओतणं नको, कोणत्याही परिस्थितीत नको. 2022 च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवी. गॅरेजवाल्या मित्राला हेही सांगा, तो स्वतः रोज त्याच धुळीत बसलेला असतो.

साफसफाई केरसुणीनं करू नका, धूळ उडेल. न्हाणीची जमीन आणि चुलीभोवतालची जागा आधी ओली करा, मग ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या. चुलीतली राख आणि तोंडाशी जमलेला करडा कचरा ओला करून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, पिशवीचं तोंड घट्ट बांधा, दुसऱ्या पिशवीत घाला. परसात पुरू नका. पंचायतीत घातक कचऱ्याचं काय करतात ते विचारा आणि त्यांच्या हवाली करा. ज्या भांड्यात शिसं वितळवलं ते, पळीसकट, त्याच वाटेनं जाऊ दे. घासून परत डाळीला वापरायचा मोह होतो, मी पाहिलंय. हे काम तुम्ही करू नका, मुलाला त्या दिवशी माहेरी पाठवा, यजमानांनाच करू दे.

खाण्यात लोह आणि कॅल्शियम भरपूर ठेवा. दोन्ही कमी पडली की आतडं शिसं जास्त ओढून घेतं, आणि उपाशी पोटी तर अधिकच. सकाळी नाचणीचं तिजण, म्हणजे लापशी, घेऊन कामाला जाणं हा त्यांच्यासाठी कुठल्याही टॉनिकपेक्षा चांगला बेत आहे. काट्यासकट खाता येते ती बारीक मासळी, कडधान्यं, पालेभाजी, हे सगळं घरचंच आहे. येणारं शिसं थांबलं की रक्तातला आकडा साधारण महिन्याभरात निम्म्याकडे उतरायला लागतो. म्हणून पुढची तपासणी अडीच-तीन महिन्यांनी. तेव्हा चौदाचा सहा-सात झाला असेल तर आपला तर्क बरोबर. नाही उतरला तर मी चुकले, पुन्हा शोध.

दुसऱ्या मुलाबद्दल. थांबवलंत ते बरं केलंत, पण ‘कायमचं’ असं मनात धरू नका. आधी तुमचं रक्त. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत जातं, आणि हाडात साठलेलं शिसं गरोदरपणात परत रक्तात उतरतं. तुमचा आकडा लहान असेल आणि यजमानांचा खाली आला असेल, तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून पुढं जा.

सासऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथं पंपाचा हिशोब आहेच. 1984 ते 2000 ही सोळा वर्षं त्यांनी शिशाच्या पेट्रोलमध्ये काढली. त्या काळी पंपावर आणि गॅरेजात काय चालायचं ते आठवा. पाइपाला तोंड लावून पेट्रोल ओढायचं, ग्रीसनं माखलेले हात पेट्रोलनं धुवायचे, पेट्रोलचं फडकं खिशात कोंबायचं. टेट्राएथिल लेड कातडीतूनही अंगात जायचं. शिसं शेवटी हाडात जाऊन बसतं आणि तिथं दहा-वीस वर्षं आणि जास्तही राहतं. म्हातारपणी हाड झिजायला लागलं की थोडं थोडं बाहेर येतं. बीपी आणि मूत्रपिंड या दोन्हींशी जुन्या शिशाचा संबंध आहे. त्यांचं क्रिएटिनिन त्यानंच वाढलं असं मी म्हणू शकत नाही, सत्तरीत ते वाढायला कारणं पुष्कळ असतात. पण बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवाल तेव्हा ‘पंपावर बावीस वर्षं, त्यातली सोळा शिशाच्या पेट्रोलची’ हे वाक्य डॉक्टरांना नक्की सांगा. रुग्ण काय काम करायचा हे विचारायला ओपीडीच्या गर्दीत कोणाला सुचत नाही. पाठदुखीसाठी दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या ते मनानं घेत असतील तर त्या आधी बंद करायला हव्यात, मूत्रपिंडाला त्या जड जातात.

आता पात्रांवाकडे परत. शिशाच्या बाबतीत तो सुटला. बेंझीनच्या बाबतीत नाही.

पेट्रोलच्या वासात जे असतं त्यात बेंझीन असतं. आपल्या पेट्रोलमध्ये ते आकारमानानं एक टक्क्यापर्यंत चालतं. ते अस्थिमज्जेवर, म्हणजे जिथं रक्त तयार होतं तिथं, परिणाम करतं आणि वर्षानुवर्षं अंगात जात राहिलं तर रक्ताच्या कर्करोगाची शक्यता वाढवतं. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं गाड्यांचं पेट्रोलच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. पहिला गट याचा अर्थ ‘पुरावा पक्का’ एवढाच, प्रत्येक पंपवाल्याला तो रोग होणार असा नाही. तरी शिशाची काळजी करणाऱ्या घरानं ही करायला हवी, आणि हिच्याबद्दल कोणी मोबाइलवर काही पाठवत नाही.

तुमचा पंप सरहद्दीजवळचा. गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून बांद्या-सावंतवाडीच्या गाड्या इकडे येऊन टाकी भरतात, आणि ‘काठोकाठ कर’ म्हणतात. नोझल आपोआप बंद झाल्यावर राउंड फिगरसाठी परत दाबत बसायचं, स्कूटरच्या टाकीत डोकावून पातळी बघायची, तेव्हा टाकीतली सगळी वाफ थेट नाकात येते. नोझल थांबली की थांबायचं, टाकीवर वाकायचं नाही, वारा येतो त्या बाजूला उभं राहायचं. टँकर खाली होत असताना आणि डिप घेताना, म्हणजे टाकीत पट्टी सोडून पातळी मोजताना, वाफ सगळ्यांत जास्त, तिथं ज्याचं काम नाही त्यानं उभंच राहू नये. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. हात पेट्रोलनं धुणं अजून चालतं काही ठिकाणी, ते नको. अंगावर सांडलं तर कपडे लगेच बदलायचे, म्हणून एक जादा शर्ट पंपावर ठेवा.

युनिफॉर्म घरच्या कपड्यांत नको, वेगळा धुवा, आणि त्याआधी तासभर बाहेर वाऱ्यावर टाका. शिशाच्या भीतीनं नव्हे, वासाच्या. ओतकामाचे कपडे मात्र शिशासाठीच वेगळे, मुलाच्या कपड्यांबरोबर कधीही नाही.

पात्रांवाकडून मागायचं ते हे: वर्षातून एकदा रक्ताची पूर्ण मोजणी, म्हणजे सीबीसी, आणि तिचे कागद यजमानांच्या हातात. साधी तपासणी आहे. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट वर्षागणिक घसरत असतील तर ते कागद एकापुढे एक ठेवल्यावरच दिसतं. पगार 21,000 पर्यंत असेल आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील, तर मडगावचं ईएसआय रुग्णालय तुमच्या हक्काचं आहे, कार्ड नसेल तर ते आधी मागा. शिसं आणि बेंझीन या दोन्हींचे आजार भरपाईच्या कायद्यात (आधी 1923 चा, आता 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता) व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत. आजचं चौदा त्यात बसणार नाही, कारण ते नोकरीतून आलेलं दिसत नाही. उद्या रक्ताच्या मोजणीत काही निघालं तर मात्र जुने कागद लागतील, म्हणून फाइल करा.

शेवटी एकच विचारायचं राहिलं. मुरडा चवथीच्या आसपास सुरू झाला असं लिहिलंत. या खेपेचं पागेर त्यांनी कधी विणायला घेतलं, ते लिहिलं नाहीत. मुलाच्या रिपोर्टबरोबर तेवढं कळवा.